अर्नेस्ट कॉडमन: स्वतःच्या चुकांचा डेटा जाहीर करणारा सर्जन

नवीन फोन घ्यायचा असेल तर आपण दहा रिव्ह्यू बघतो. हॉस्पिटल निवडताना मात्र ओळखीतल्या कुणाला तरी विचारतो, फार तर गुगलवरचे स्टार बघतो. त्या स्टारवरून पार्किंग कसं आहे ते कळतं, पण ऑपरेशन झालेला पेशंट वर्षभरानंतर नीट चालतोय का, ते कळत नाही. बोस्टनच्या अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी नेमकं हेच विचारलं, आणि ते त्यांना चांगलंच महागात पडलं.

कॉडमन यांचा जन्म १८६९ चा. हाडांच्या डॉक्टरांना हे नाव ठाऊक असतं, कारण हाडाच्या कॅन्सरमध्ये एक्स-रेवर दिसणाऱ्या एका खुणेला 'कॉडमन ट्रँगल' म्हणतात. नोंदी ठेवायची सवय त्यांना विद्यार्थी असतानाच लागली. तेव्हा ऑपरेशनआधी पेशंटला ईथर देऊन बेशुद्ध करायचं काम विद्यार्थ्यांकडे असायचं. १८९४ च्या सुमारास कॉडमन आणि त्यांचा मित्र हार्वी कुशिंग यांच्यात पैज लागली, की कोण जास्त चांगलं ईथर देतो. हरणाऱ्याने जेवण द्यायचं! पण ठरवणार कसं? म्हणून दोघं नाडी आणि श्वासाचे चार्ट लिहू लागले. आज ऑपरेशन थिएटरमध्ये मॉनिटर जे दाखवतो, त्याचंच हे हाताने लिहिलेलं रूप.

पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सर्जन झाल्यावर त्यांनी 'एंड रिझल्ट'ची कल्पना मांडली. आयडिया अगदी साधी. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. त्यावर लक्षणं, आधीचं निदान, उपचार, गुंतागुंत, शेवटचं निदान. वर्षभराने पेशंटला परत तपासायचं आणि निकाल लिहायचा. बरं वाटलं नसेल तर का नाही, हेही. आज याला क्लिनिकल गव्हर्नन्स म्हणतात, म्हणजे उपचाराच्या दर्जाची जबाबदारी हॉस्पिटलने घ्यायची, मोजायची आणि सुधारायची.

अडचण कार्डाची नव्हतीच. तिथे बढती सीनियॉरिटीवर मिळायची. कॉडमन म्हणाले, निकाल बघून द्या. कुणी ऐकेना, तेव्हा १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. गंमत म्हणजे लगेच मुख्य सर्जनच्या जागेसाठी अर्जही केला, माझे निकाल इतरांपेक्षा चांगले आहेत या मुद्द्यावर. जागा अर्थातच मिळाली नाही. जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी डॉक्टरांच्या भर सभेत एक मोठं व्यंगचित्र लावलं: डोकं खुपसून बसलेला शहामृग, म्हणजे श्रीमंत पेशंट, सोन्याची अंडी देतोय आणि ती डॉक्टरांकडे जातायत. हार्वर्डमधलं शिकवायचं काम गेलं, पेशंटही कमी झाले. चित्र जरा अतीच होतं, हे मान्य करावं लागेल.

पण नियम त्यांनी आधी स्वतःला लावला होता. १९११ मध्ये सुरू केलेल्या स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलमधून १९१६ पर्यंत घरी गेलेल्या ३३७ पेशंटचे निकाल त्यांनी छापले. त्यात १२३ चुका नोंदवल्या. हात चुकला, निर्णय चुकला, निदान चुकलं, अशी वर्गवारी करून! आज किती हॉस्पिटलं असं करतील?

त्यांचा विचार अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने उचलला. शंभर किंवा जास्त खाटांची ६९२ हॉस्पिटलं तपासली, त्यातली फक्त ८९ किमान निकषांत बसली. नापासांत मोठमोठी नावं होती. १९१९ मध्ये ती यादी बाहेर फुटू नये म्हणून न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळली. तपासणी मात्र थांबली नाही. त्याच कामातून १९५१ मध्ये जॉइंट कमिशन उभं राहिलं. मुंबई-पुण्याच्या काही मोठ्या हॉस्पिटलांच्या वेबसाइटवर 'जेसीआय' दिसतं, ती त्याचीच आंतरराष्ट्रीय शाखा.

कॉडमन १९४० मध्ये गेले. बोस्टनजवळच्या त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसवला गेला २०१४ मध्ये.