ग्रेगर मेंडेल

मागच्या वर्षी बाबांनी अकोल्याहून हायब्रीड झेंडूच्या बियांची पुडी आणली. आमच्या सांदवाडीत सगळी झाडं एकसारखी झाली. सगळ्यांना मोठी नारंगी फुलं आली. दसऱ्याला दाराला तोरण झालं, बैलांनाही हार झाले. मी चांगली फुलं वाळवून त्यांचं बी ठेवलं. यंदा ते लावलं तर एक झाड उंच, एक ठेंगणं. काही फुलं पिवळी, काही अगदी बारीक. पेरलं तसंच उगवते, असं आजीचं म्हणणं. म्हणून मीच बी मिसळवलं असं तिले वाटलं. मले लय वाईट वाटलं. मग गुरुजींनी मेंडेल यांची गोष्ट सांगितली. ती मी लिहितो.

मेंडेल यांचा जन्म १८२२ साली एका शेतकऱ्याच्या घरी झाला. त्यांचं गाव आज चेक देशात आहे. घरी पैसा कमी होता. लहान बहिणीने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून त्यांच्या शिक्षणाला मदत केली. १८४३ साली ते ब्रनो शहरात मठात गेले व साधू झाले. शिक्षकाची परीक्षा त्यांनी दोनदा दिली, पण पास झाले नाहीत. तरी ते शाळेत शिकवत.

१८५६ पासून त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग केले. जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला. त्या बियांच्या झाडांना सगळी जांभळीच फुलं आली. त्या झाडांचं बी ठेवून त्यांनी पुन्हा पेरलं. तेव्हा ७०५ झाडांना जांभळी व २२४ झाडांना पांढरी फुलं आली. म्हणजे पांढरा रंग गेला नव्हता, आत लपून बसला होता! आठ वर्षांत त्यांनी सुमारे २८,००० झाडं तपासली.

१८६६ साली त्यांनी हे छापलं, पण फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १८८४ साली ते वारले. पुढे १९०० साली तीन शास्त्रज्ञांना तेच दिसून आलं. तेव्हा जगाला मेंडेल कळले.

आमचा झेंडूही दोन जातींच्या संकराचा होता. त्याचे लपलेले गुण यंदा बाहेर आले. म्हणूनच बाबा हायब्रीड कपाशीचं बी दरवर्षी नवं आणतात. मी हे आजीले सांगितलं. ती हसली आणि तिने माझ्यासंग फुलं तोडली. आता आम्ही रंगाप्रमाणे बियांच्या वेगळ्या पुड्या बांधल्या आहेत. पुढच्या वर्षी मी मेंडेलांसारखं एकेक झाड मोजणार आहे.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.