तुकोबांचे मनाशी भांडण

तुकोबांना ज्यांनी स्वप्नात मंत्र दिला, त्या बाबाजी चैतन्यांची समाधी आपल्याच जुन्नर तालुक्यात, ओतूरला आहे. आम्ही निमगाव सावाची मुले तेथे जातो ती श्रावणी सोमवारी, कपर्दिकेश्वराच्या यात्रेला. तांदळाच्या पिंडी पाहायच्या, कुस्त्या पाहायच्या, समाधीवर घाईघाईने डोके टेकवायचे आणि एस.टी. गाठायची. गेल्या श्रावणात मी मात्र तेथे बराच वेळ बसलो. घरात एक मृत्यू झाला होता आणि डोळे मिटले की नको ते विचार रांग लावून उभे राहत. मन एकाग्र कर असे सांगणारे पुष्कळ भेटले. कसे करायचे ते कुणी सांगेना. म्हणून तुकोबांचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले.

तुकोबांचा जन्म १६०८ चा मानतात. देहूचे हे घर खात्यापित्या वाण्याचे, सावकारीचे. सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले, पाठोपाठ भावजय गेली, थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन निघून गेला. १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. दिवाळे निघाले, पहिली पत्नी रखुमाबाई अन्नान्न करीत गेली, मुलगा संतूही गेला. वय जेमतेम बाविशीचे, म्हणजे आपल्या पदवीच्या वर्गातील मुलाएवढे!

असा माणूस डोळे मिटून बसला तर त्याला काय दिसेल? ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले, परंपरा सांगते की १५ दिवस. कीर्तनात या एकांताचे वर्णन शांत समाधी असे ऐकतो. मला ते पटत नाही. गाथेत दिसणारा माणूस मनाशी कडाकडा भांडतो. त्याला दरडावतो, हातापाया पडतो, विठ्ठलाकडे त्याची फिर्याद नेतो. भीती, लाज, संसाराचा उबग, काहीच झाकून ठेवीत नाही.

१९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटा वाजवा, असे सांगितले. घंटा वाजतच राहिली. आणि नंतर मोकळीक मिळताच, ज्यांना अशी मनाई झालीच नव्हती त्यांच्यापेक्षाही या मुलांना अस्वल अधिक आठवले. तुकोबांनी अस्वल दडपलेच नाही, अंगणात आणून बांधले.

रिकाम्या मनाचा हव्यासही त्यांनी धरला नाही. पडके विठ्ठलमंदिर स्वतः राबून उभे केले. घरातील कर्जखतांपैकी निम्मी धाकट्या कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. रात्री छळणाऱ्या हिशेबाचे मूळच त्यांनी पाण्यात घातले, असा माझा तर्क आहे. एकादशीला कीर्तनकारामागे उभे राहून ध्रुपद धरले, संतांची वचने पाठ केली. तोंडात शब्द, हातात टाळ, पायात ठेका. नको त्या विचाराला बसावयास जागाच थोडी! गुरूनेही आसन की प्राणायाम सांगितला नाही. माघ शुद्ध दशमीला, आधीच आवडते असलेले राम कृष्ण हरि हेच नाव दिले. (भोजनाला पावशेर तूप मागितले, तेही तुकोबा विसरले!)

मीही करून पाहिले. रात्री विचार आला की तो वहीत लिहायचा आणि पाच अभंग मोठ्याने म्हणायचे. शेजारच्या खोलीतून तक्रारी आल्या. विचार येणे थांबले नाही. त्याच्यामागे पहाटेपर्यंत फरफटत जाणे थांबले.

तुकोबांचे मन तरी कुठे कायमचे गप्प बसले? रामेश्वर भटांच्या विरोधामुळे वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते १३ दिवस अन्नपाण्याविना देवाच्या दारात पडून राहिले. मंत्र मिळून वर्षे लोटली होती, कीर्तनाला माणसे जमत होती; तरीही त्या दिवसांच्या अभंगांत संशय आणि राग पुन्हा उसळलेला दिसतो. १६५० साली ते गेले. मुंबई सरकारने १९५० साली काढलेल्या गाथेत ४६०७ अभंग आहेत. मनाला उद्देशून असलेले मी वेगळे उतरवू लागलो आहे. दोनशे पानी वही पुरेल असे वाटत नाही.