न उडणाऱ्या विमानाचा जनक : एडविन लिंक

इंजिन नसताना इंजिन चालू आहे असं एखाद्याला पटवून द्यायचं असेल तर काय कराल? गेल्या सेमिस्टरला आमच्या चौघींच्या ग्रुपने नेमकं हेच केलं. आम्हाला फसवायचं होतं एका ईसीयूला, म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला. हा ईसीयू आम्हीच जुळवला होता. वर्कशॉपमधल्या जुन्या इंजिनावर तो थेट बसवायला सरांनी साफ नकार दिला. भलत्या वेळी ठिणगी पडली तर इंजिन जाईल, आणि शेजारी उभ्या असलेल्याचा हातही जाऊ शकेल. आधी टेबलावर सिद्ध करा आणि मगच इंजिनाला हात लावा, असा त्यांचा हुकूम होता.

मग आम्ही प्लायवूडची एक फळी घेतली. खऱ्या इंजिनात क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं. साठ दातांच्या जागेत अठ्ठावन्नच दात असतात, दोन मुद्दाम गाळलेले. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयूला कळतं की शाफ्ट आत्ता कुठे आहे. आमच्या फळीवर चाक नव्हतंच, एक मायक्रोकंट्रोलर त्या दातांचे खोटे पल्स पाठवत होता. पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या जागी रेडिओच्या बटणासारखा फिरवायचा पोटेन्शिओमीटर, थ्रॉटलच्या जागी तसाच दुसरा, आणि इंजेक्टरच्या जागी एलईडी. तापमानाचं बटण थंडच्या बाजूला फिरवलं की इंजेक्शनचा पल्स लांबायचा. बिचाऱ्या ईसीयूला वाटायचं, इंजिन थंडीने कुडकुडतंय, जास्त पेट्रोल द्यायला हवं. आम्ही खूप हसायचो.

ही फळी बघून सरांनी एक नाव घेतलं, एडविन लिंक. त्याच्याबद्दल वाचून या, म्हणाले. मला वाटलं कोणी कॉम्प्युटरवाला असेल. निघाला ऑर्गन आणि पियानो बनवणाऱ्याचा मुलगा! त्याची गोष्ट मला इतकी आवडली की परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा मी मेसमध्ये सगळ्यांना तीच ऐकवत बसले. आता मॅगझीनमध्ये लिहिते आहे.

एडविन अल्बर्ट लिंकचा जन्म २६ जुलै १९०४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. तो सहा वर्षांचा असताना वडिलांनी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी वाद्यांचा एक बुडीत कारखाना घेतला आणि घर तिकडे हललं. या कारखान्यात आपोआप वाजणारे पियानो आणि थिएटरमध्ये वाजवायचे मोठे ऑर्गन बनायचे. आपोआप वाजणारा पियानो कसा चालतो हे मलाही आधी माहीत नव्हतं. त्यात छिद्रं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते. छिद्र आलं की हवेला वाट मिळते, त्यामुळे आतला छोटा भाता पोकळीच्या जोरावर मिटतो आणि पट्टी दाबली जाते. म्हणजे कागदावर लिहिलेला प्रोग्रॅम आणि तो पाळणारी हवा. आमच्या कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये पायाने भाता मारायचा एक जुना ऑर्गन होता. त्याच्या पोटात काय चाललेलं असतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. लिंक तर त्या पोटातच लहानाचा मोठा झाला. इंजिनिअरिंगची पदवी त्याने कधी घेतली नाही. त्याचं कॉलेज म्हणजे वडिलांचा कारखाना.

१९२० मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने कॅलिफोर्नियात पहिल्यांदा विमान शिकायचा प्रयत्न केला. शिकवणी होती चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी चॅप्लिन याच्या कंपनीत. एका धड्याचे पन्नास डॉलर! त्या काळात ही रक्कम किती मोठी असेल याची कल्पना करा. शिकवणाऱ्याने विमान गरागरा फिरवलं, कोलांट्या मारल्या आणि खाली उतरवलं. पण पूर्ण वेळात लिंकला एकदाही दांड्याला हात लावू दिला नाही. पन्नास डॉलर गेले आणि शिकणं शून्य. (आमच्यापैकी ज्यांनी दहाजणांत मिळून एक लेथ वापरला आहे त्यांना त्याचं दुःख कळेल.)

त्याने नाद सोडला नाही. पैसे साठवत, ओळखी काढत तो उडायला शिकला आणि १९२७ मध्ये सेस्नाचं एक नवं विमान विकत घेतलं. पण तो पहिला धडा डोक्यातून गेला नव्हता. विद्यार्थ्याला चूक करायची संधी मिळाल्याशिवाय तो शिकणार कसा, आणि हवेत चूक केली तर तो वाचणार कसा? यावर त्याचं उत्तर होतं, जमिनीवरच विमान करायचं.

कारखान्याच्या तळघरात सुमारे दीड वर्ष तो त्याच्या मागे होता. प्लायवूडचं आखूड विमान, नावाला पंख, आत एक खुर्ची, दांडा आणि पायातले पेडल. खाली मधोमध एक सांधा आणि बाजूंना ऑर्गनचे चार भाते. दांडा पुढे ढकलला की झडपा उघडायच्या, एका बाजूच्या भात्यांतली हवा शोषली जायची आणि विमानाचं नाक खाली जायचं. डावीकडे ओढला की ते डावीकडे कलायचं. इलेक्ट्रिक मोटरचा पंप सतत पोकळी देत राहायचा. वडिलांच्या कारखान्यात हवा सूर काढायची, मुलाने तिला विमान हलवायला लावलं. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३१ मध्ये ते मिळालं. पेटंटच्या नावातच त्याने दोन उपयोग सांगून ठेवले आहेत, विमानविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी शिकवणीचं यंत्र आणि करमणुकीचं साधन.

दुर्दैवाने जगाला फक्त दुसरा उपयोग दिसला. विमान कंपन्या बघायच्या, मान डोलवायच्या आणि निघून जायच्या. लिंकचे सुरुवातीचे बरेच ट्रेनर जत्रेच्या मैदानांवर गेले. नाणं टाका आणि विमान चालवा! ज्या यंत्रातून माणसं वाचणार होती ते पोरांच्या घोड्याशेजारी उभं होतं. लिंकने स्वतःची फ्लाइंग स्कूल काढली, त्याच यंत्रावर विद्यार्थी तयार केले. १९३१ मध्ये मॅरियन क्लेटनशी लग्न झालं आणि पुढे धंद्याच्या आणि संशोधनाच्या प्रत्येक कामात ती त्याच्याबरोबर राहिली.

दरम्यान त्याने यंत्रात एक महत्त्वाची भर घातली. कॉकपिटवर झाकण बसवलं आणि समोर उपकरणं लावली, म्हणजे बाहेरचं काही दिसू नये. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपला तोल कानाच्या आतल्या भागावर अवलंबून असतो. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही, आणि सावकाश वळणाऱ्या विमानात थोड्या वेळाने कानाला वाटायला लागतं की आपण सरळच चाललोय. वैमानिक त्या भावनेवर विश्वास ठेवतो आणि विमान गोल गोल फिरत खाली येतं. वाचायचं तर शरीर सांगतं ते नाकारून काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो. हे सवयीनेच येतं, आणि ती सवय खऱ्या ढगात लावायला गेलं तर पहिलीच चूक शेवटची ठरू शकते.

हे किती खरं होतं ते १९३४ मध्ये सगळ्या अमेरिकेने पाहिलं. टपाल नेणाऱ्या कंपन्यांच्या कंत्राटात गैरव्यवहाराचे आरोप झाले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कंत्राटं रद्द केली आणि काम लष्कराच्या वैमानिकांवर सोपवलं. १९ फेब्रुवारीला काम सुरू झालं. भर हिवाळा, रात्र, बर्फ आणि धुकं. शूर असलेल्या या मुलांना काट्यांवर विमान चालवायचा सराव नव्हता. अपघातांमागून अपघात झाले आणि डझनभर माणसं मेली.

लष्कराला आता लिंकची आठवण झाली. त्याचं यंत्र समजून घ्यायला काही अधिकारी नेवार्कच्या विमानतळावर थांबले होते. त्या दिवशी इतकं धुकं होतं की असल्या हवेत कोणी येणार नाही असं धरून ते निघायच्या बेतात होते. तेवढ्यात धुक्यातून विमानाचा आवाज आला. लिंक बिंगहॅम्टनहून काट्यांच्या भरवशावर एकटा उडत आला होता आणि व्यवस्थित उतरला. त्यानंतर यंत्राची जाहिरात करायची गरजच उरली नाही. जूनमध्ये लष्कराने सहा ट्रेनरची ऑर्डर दिली.

दुसऱ्या महायुद्धात हे सहा दहा हजारांच्या आसपास पोचले. निळ्या रंगामुळे वैमानिक त्याला निळी पेटी म्हणायचे. शेजारच्या टेबलावर शिक्षक बसायचा. विद्यार्थी जिथे नेईल तो मार्ग तीन चाकांचं एक छोटं यंत्र नकाशावर शाईने काढत जायचं, म्हणजे चूक कुठे झाली ते नंतर दाखवता यायचं. सुमारे पाच लाख वैमानिक या पेट्यांत शिकले. त्यांतले किती यामुळे जिवंत परतले हे मोजता येणार नाही, कारण न झालेल्या अपघाताची कुठे नोंद होत नाही. पुढे अपोलोच्या अंतराळवीरांनी ज्या सिम्युलेटरवर सराव केला तेही लिंकचं नाव चालवणाऱ्या कंपनीनेच बनवले.

इथे गोष्ट संपली असती तर ती आपल्या नेहमीच्या यशोगाथेसारखी झाली असती. पण १९५४ मध्ये लिंकने कंपनी विकली आणि पन्नाशीत तो समुद्राकडे वळला. १६९२ च्या भूकंपात बुडालेल्या जमैकातल्या पोर्ट रॉयल शहराचा त्याने १९५९ मध्ये शोध घेतला. तिथे एक घड्याळ सापडलं. एक्स-रे काढल्यावर त्यावर काट्यांच्या खुणा दिसल्या, वेळ पावणेबाराच्या सुमाराची. १९६२ मध्ये त्याने ॲल्युमिनियमचं एक पिंप बनवलं, ज्यात माणूस पाण्याखाली राहू शकेल. पहिला प्रयोग त्याने स्वतःवर केला, साठ फूट खोलीवर आठ तास. तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. मगच रॉबर्ट स्टेन्वी हा पाणबुड्या दोनशे फुटांवर गेला आणि तिथे एक दिवसाहून जास्त राहिला.

१९७१ मध्ये त्याने जॉन्सन-सी-लिंक ही छोटी पाणबुडी बनवली. पुढे पारदर्शक ॲक्रिलिकचा गोळा आणि मागे पाणबुड्यांसाठी ॲल्युमिनियमची खोली. १७ जून १९७३ ला फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ, साधारण ३६० फुटांवर, ती एका बुडवलेल्या युद्धनौकेच्या तारांमध्ये अडकली. आत चौघे होते. मागच्या खोलीत अल्बर्ट स्टोव्हर आणि लिंकचा एकतीस वर्षांचा मुलगा क्लेटन. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला एक रसायन ठेवलेलं होतं, पण ॲल्युमिनियमच्या भिंतीतून समुद्राची थंडी आत आली आणि थंडीत ते रसायन नीट काम करेना. पुढच्या गोळ्याचं ॲक्रिलिक थंडी अडवत होतं, तिथले दोघे वाचले. तीस तासांहून जास्त वेळाने पाणबुडी वर आली तेव्हा मागचे दोघे गेलेले होते. बाप वर जहाजावर होता.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं. लोकांनी जमिनीवर चुका कराव्यात आणि वर जिवंत राहावं यासाठी ज्याने आयुष्य घालवलं, त्याच्याच यंत्रात त्याचाच मुलगा जावा? पण लिंक पुन्हा कामाला बसला. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत केबलवरून जाऊ शकेल असं, माणूस नसलेलं, कॅमेरा असलेलं सुटकेचं यंत्र त्याने बनवलं. ७ सप्टेंबर १९८१ ला बिंगहॅम्टनमध्ये तो वारला. तिथल्या विमानतळाला त्याचं नाव आहे, आणि अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने २००० मध्ये त्याच्या निळ्या पेटीचा ऐतिहासिक यंत्र म्हणून गौरव केला.

आता आमच्या फळीचं काय झालं ते सांगते. टेबलावर ईसीयू सगळ्या परीक्षा पास झाला. मोठ्या दिमाखात आम्ही तो इंजिनावर चढवला, चावी फिरवली, आणि काहीच नाही. स्टार्टर घरघरत राहिला. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कळलं की स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज एकदम खाली येतो आणि आमचा ईसीयू दर वेळी बंद पडून पुन्हा सुरू होतोय. आमच्या फळीवर स्टार्टरच नव्हता! टेबलावर कायम स्वच्छ बारा व्होल्ट मिळत होते. मग पॉवर सप्लाय मुद्दाम आठ व्होल्टपर्यंत खाली आणायची सोय केली, ईसीयूचा सर्किट सुधारला आणि पुढच्या आठवड्यात इंजिन पहिल्या झटक्यात धरलं.

आमचा तोटा फक्त दोन दिवसांचा, त्याची लिंकच्या दुःखाशी तुलना करणं बरं दिसणार नाही. पण त्याच्या आयुष्यातून मी एवढं घेतलं की टेबलावरच्या यंत्रात आपल्याला सुचलेलंच असतं. जे सुचलं नाही ते बाहेर वाट बघत उभं असतं. म्हणून आम्ही फळीच्या मागच्या बाजूला मार्करने एक यादी लिहिली आहे, या फळीत काय नाही त्याची. इंजिनाची थरथर, बॉनेटखालची उष्णता, ठिणगीमुळे वायरींमध्ये येणारा गोंधळ, सैल कनेक्टर. फळी वर्कशॉपच्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या बॅचने ती जरूर वापरावी, आणि यादीत भर घालावी.