ब्रूस मॅकलरेन : हातात कात्री घेणारा रेसर

मॅकलरेन म्हटलं की आपल्याला फॉर्म्युला वनमधली पपई रंगाची गाडी आठवते. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस अवघ्या ३२ व्या वर्षी गेला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? मेकॅनिकलवाल्यांनी तर त्याची गोष्ट वाचायलाच हवी.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे झाला. वडिलांचा पेट्रोल पंप आणि गॅरेज होतं, त्यामुळे पाना-पकड हीच खेळणी. नवव्या वर्षी त्याला पर्थीझ नावाचा खुब्याच्या हाडाचा आजार झाला. खेळायच्या वयात साधारण दोन वर्षं अंथरुणावर काढावी लागली. तो बरा झाला, पण डावा पाय कायमचा आखूड राहिला. रग्बीवेड्या देशात मैदान बंद झालं आणि पोरगा गॅरेजकडे वळला.

वडिलांनी एक मोडकळीला आलेली ऑस्टिन सेव्हन आणली होती. बापलेकांनी ती खोलून पुन्हा उभी केली आणि मिसरूड फुटायच्या वयात ब्रूस तिच्यावर शर्यती करू लागला. पुढे त्याने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण १९५८ मध्ये होतकरू ड्रायव्हरला युरोपात पाठवण्याच्या योजनेत त्याची निवड झाली आणि डिग्री अर्धवट राहिली. (हे वाचून कुणी ड्रॉप घेऊ नये!)

इंग्लंडमध्ये तो कूपर संघात जॅक ब्रॅबहॅमचा जोडीदार झाला. डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेतल्या सेब्रिंगला शेवटच्या फेरीत ब्रॅबहॅमचं पेट्रोल संपलं आणि मागून आलेला ब्रूस जिंकला. वय २२. सर्वांत तरुण ग्रां प्री विजेत्याचा हा विक्रम थेट २००३ मध्ये फर्नांडो अलोन्सोने मोडला.

१९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. माणसं मोजकी, जागा लहान, मालक स्वतःच टेस्ट ड्रायव्हर. त्या काळातली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. एका स्पोर्ट्स कारच्या चाचणीत पुढच्या बाजूची इंधन टाकीची झडप नीट लागलेली नव्हती आणि वेगात ती फडफडू लागली. दुसरा कुणी असता तर मेकॅनिकवर डाफरला असता. ब्रूस मात्र विचारात पडला. समोरून येणाऱ्या वाऱ्याने झडप खाली दाबली जायला हवी, मग ती वर का उचलली जाते? म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. रेडिएटरमधून येणारी गरम हवा आत कोंडते आहे, तिला बाहेर पडायला वाटच नाही! पिटमध्ये येताच त्याने पत्र्याची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागे नाकाच्या पत्र्याला सरळ भोकं पाडली. हवा सुटली, गाडी थंड झाली आणि वेगही वाढला.

आज अशी कात्री चालवता येणार नाही, कारण पत्र्याची जागा कार्बन फायबरने घेतली आहे. बंपरखाली स्प्लिटर लावताना ज्यांनी हात काळे केलेत त्यांना हे कळेल. कार्बनचा भाग पत्र्यासारखा वाकवून बसवता येत नाही. आधी नुसता धरून बघायचा, टेप लावून खूण करायची, खुणेच्या थोडं बाहेर कापायचं आणि मग घासत घासत मापावर यायचं. जास्त कापलं गेलं की संपलं. भोक पाडताना मागे लाकूड धरायचं, नाहीतर थर उचकटतात. धूळ फुफ्फुसात जाते, म्हणून मास्क हवाच. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, भार नुसत्या प्लास्टिकच्या बंपरवर न टाकता चासीपर्यंत न्यायचा. साधं गणित बघा. ताशी २७० किमी वेगाला हवेचा गतिज दाब दर चौरस मीटरला साधारण ३४० किलो वजनाइतका होतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट.

नव्या मटेरियलची ओढ ब्रूसलाही होतीच. १९६६ मध्ये मोनॅकोला उतरलेल्या त्याच्या पहिल्या फॉर्म्युला वन गाडीत ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड भरलेलं मॅलाइट वापरलं होतं. डिझायनर रॉबिन हर्ड कॉंकॉर्ड विमानाच्या कामावरून आलेला. मटेरियल ताठ होतं, पण वाकवायला आणि दुरुस्त करायला महाकठीण. गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही. पण त्याच वर्षी ख्रिस ॲमॉनसोबत फोर्ड जीटी ४० चालवत ब्रूसने ल मां जिंकली. १९६८ मध्ये बेल्जियमला स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकली. असं करणारा तो ब्रॅबहॅम आणि डॅन गर्नीनंतर तिसराच. उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम मालिकेत तर १९६९ च्या अकराच्या अकरा शर्यती मॅकलरेनच्याच!

पुढच्या हंगामात उंच विंगवर बंदी आली. म्हणून नव्या एम ८ डी गाडीत विंग खाली आणून मागच्या बॉडीवरच्या दोन उभ्या पंखांमध्ये बसवली. २ जून १९७० रोजी दक्षिण इंग्लंडमधल्या गुडवुडला ब्रूस हीच गाडी तपासत होता. सरळ रस्त्यावर भरवेगात मागची बॉडी सुटून उडाली. मागच्या चाकांना जमिनीवर दाबणारं बळ क्षणात नाहीसं झालं, गाडी गरगरली आणि मार्शलच्या पक्क्या चौकीवर आदळली. ब्रूस जागीच गेला.

अवघ्या बारा दिवसांनी मोसपोर्टला हंगामाची पहिली शर्यत होती. संघ थांबला नाही. त्याच्या जागी आलेल्या डॅन गर्नीने ती जिंकली. इंडियानापोलिसला हात भाजलेले असूनही डेनी हल्म त्या वर्षीचा विजेता ठरला. दहापैकी नऊ शर्यती संघाने जिंकल्या. १९८१ मध्ये याच मॅकलरेनने कार्बन फायबरच्या चासीची पहिली फॉर्म्युला वन गाडी उतरवली. त्या वर्षी मोंझाला इंजिन तुटून वेगळं होईल इतका भीषण अपघात झाला, पण जॉन वॉटसन चालत बाहेर आला. ब्रूसला ते बघता आलं नाही.

सुटलेल्या झडपेने त्याला शिकवलं आणि सुटलेल्या बॉडीने त्याला नेलं. हवा दोन्ही वेळा आपल्या नियमानेच वागली. आपण प्रोजेक्टची गाडी करतो तेव्हा रात्री तीन वाजता शेवटचा स्क्रू उद्या बघू म्हणून सोडून देतो. तो स्क्रू आधी बघा. कारण सकाळी त्या गाडीत आपलाच रूममेट बसणार असतो.