चवदार तळ्याचे बाबासाहेब माहितीयेत, कोळशाच्या खाणीत उतरलेले कामगारमंत्री बाबासाहेब माहितीयेत का?

महाड एमआयडीसीत शिफ्ट सुटली की बिरवाडी, महाड आणि पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कामगारांची गर्दी होते. आठवड्याला ४८ तास काम, ओव्हरटाइमला दुप्पट पगार, भरपगारी रजा. हे सगळं इतकं सवयीचं झालंय की ते कुणीतरी भांडून मिळवलं असेल, हे लक्षातही येत नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींशी ज्या माणसाचं नाव जोडलेलं आहे, त्याला महाड वेगळ्याच कारणासाठी ओळखतं. तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

तर सुरुवात महाडपासूनच करू.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. गावात तळं होतं, नगरपालिकेने ते सगळ्यांना खुलं केल्याचा ठरावही होता. पण परिषदेला आलेल्या माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. ठराव कागदावर होता आणि तळं बंदच होतं.

२० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर हल्ले झाले, खटला चालला. शेवटी १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

पाण्याचा हा प्रश्न फक्त गावातल्या तळ्यापुरता नव्हता. कोकणातली माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत जायची, आणि तिथेही हेच होतं. गिरणीत जास्त पगार विणकाम खात्यात मिळायचा. पण धोट्यातून धागा ओढायला त्याला तोंड लावावं लागायचं. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नव्हता, म्हणून या खात्याचं दार त्यांना बंद होतं. बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीत राहिलेले. गिरण्यांच्या संपाच्या काळात त्यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाचा लाभ देण्याचं विधेयक आलं, तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. बाईच्या श्रमातून मालकाला नफा होतो, तर तिच्या बाळंतपणाचा काही भार मालकानेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला, त्याचं नावही स्वतंत्र मजूर पक्ष असंच ठेवलं.

मग आलं १९४२. जुलै महिन्यात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. दुसरं महायुद्ध सुरू होतं, कारखान्यांवर उत्पादनाचा ताण होता. पुढच्याच महिन्यात दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार असे तिघे एका टेबलावर बसले. कामगारांबद्दलचे निर्णय कामगारांना विचारून घ्यायचे, ही पद्धत त्यांच्या काळात रुळली.

पण सगळ्यात अवघड परीक्षा झाली ती कोळशाच्या खाणीत.

१९४३ मध्ये कोळशाचं उत्पादन घटलं. खाणीतले मजूर जास्त पैसे देणाऱ्या युद्धाच्या कामांवर निघून गेले होते. बायकांनी जमिनीखाली काम करण्यावर बंदी होती, ती सरकारने उठवली. देशात टीका झाली. मजूरमंत्री म्हणून कायदेमंडळात उत्तर द्यावं लागलं ते बाबासाहेबांना. हा निर्णय फक्त युद्धापुरता आहे आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, अशी बाजू त्यांनी मांडली. ज्यांनी बाईच्या बाळंतपणासाठी भांडण केलं, त्यांनाच हे समर्थन करावं लागलं. त्यांच्या कारकिर्दीतला हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

मात्र ते फाइलीवर सही करून थांबले नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले, थेट खाणीत उतरले आणि मजूर कसे काम करतात, कसे राहतात हे पाहिलं. पुढच्याच महिन्यात, ३१ जानेवारी १९४४ ला वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर लागला आणि तो पैसा मजुरांची घरं, पाणी, दवाखाने यासाठी बाजूला ठेवला गेला. खाणीवर पाळणाघरं आणि काम संपल्यावर अंघोळीची सोय, यासाठी कायद्यात बदल झाले. बायकांच्या बाळंतपणाच्या लाभाचा कायदाही सुधारला. १ फेब्रुवारी १९४६ पासून जमिनीखालच्या कामावरची बंदी परत आली.

आता व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये कामाचे तास १४ वरून ८ केले, असं त्यात असतं. नेमकं काय झालं?

१९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आधीच होती. बाबासाहेबांच्या काळात १९४६ च्या दुरुस्तीने ती दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांवर आली. त्याआधी १९४५ मध्ये कारखान्यातल्या कामगारांना भरपगारी रजेचा हक्क मिळाला. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना प्रा. बी. पी. आदरकरांनी याच काळात तयार केली, आणि पुढे १९४८ मध्ये ईएसआयचा कायदा आला. म्हणजे आकडा फुगवायची गरजच नाही, खरं काम पुरेसं मोठं आहे.

१९४६ मध्ये त्यांनी हे पद सोडलं. पुढे राज्यघटना आली. १४ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत कामाला ठेवायचं नाही, हे कलम २४ सांगतं. कामाची परिस्थिती माणसाला साजेशी असावी आणि बाळंतपणात मदत मिळावी, यासाठी सरकारने तरतूद करावी, हे कलम ४२ सांगतं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे जीव गेले. कायदा तेव्हाही होताच. १९२७ मध्ये तळ्याचा ठरावही होताच. तो ठराव खरा करायला माणसांना तळ्यापर्यंत चालत जावं लागलं होतं. म्हणून महाड किंवा पोलादपूरचा एखादा कामगार कंपनीत मास्क, हातमोजे किंवा पिण्याचं पाणी मागतो, तेव्हा तो मेहेरबानी मागत नसतो. कायद्याने जे त्याचं आहे, तेच मागत असतो.