हत्तीच्या पोटातील घड्याळ

विद्यार्थीमित्रांनो, यंत्राला स्वतःचा हेतू असतो काय? उत्तर देण्यापूर्वी अल्-जझरी यांचे चरित्र पाहा. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर येथे अर्तुकी राजांच्या पदरी त्यांनी सुमारे २५ वर्षे सेवा केली आणि १२०६ साली ५० यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यांच्या हत्ती-घड्याळातील माहूत दर अर्ध्या तासाला आपणहून ठोका देई, असे पाहणाऱ्यास वाटे. वास्तविक हत्तीच्या पोटातील पाण्यावर एक सच्छिद्र भांडे तरंगत असे. ते भरून बुडाले की दोरी ओढली जाई, गोळा सुटे आणि माहुताचा हात हले. वेळेची जाण माहुताला नव्हती; ती जझरींनी छिद्राच्या मापात बसविली होती. आजची यंत्रे तर बोलतात. त्यांच्या पोटात कोणाचा हेतू आहे, हे तुम्हीच शोधा. पालकहो, मुलांना यंत्र उघडून पाहू द्या.