नामदेव शिंपी आणि अन्नदात्याचा लगाम

मनुष्य आपले राजकीय मत केवळ विवेकाने ठरवितो, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. ज्या हातून भाकरी येते, त्या हाताविरुद्ध बोलताना भल्याभल्यांची जीभ अडखळते; म्हणून एखाद्याचा पक्ष जाणावयाचा, तर त्याची मिळकत कोठून येते हे प्रथम पाहावे. या दृष्टीने हिंगोली जिल्ह्याचे भूषण जे श्रीनामदेव महाराज, त्यांच्या चरित्राकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे.

या जिल्ह्याच्या परंपरेनुसार नामदेवांचा जन्म 1270 साली कयाधूकाठच्या नरसी गावी, दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी झाला; आयुष्य मात्र बव्हंशी पंढरपुरी गेले. त्या समयी देवगिरीस यादवांचे राज्य होते. हेमाद्रीसारखा विद्वान मंत्री दरबाराच्या आश्रयाने धर्मशास्त्राचे प्रचंड ग्रंथ रचीत होता. पंढरपूरच्या देवळातील चौऱ्यांशीच्या शिलालेखात 1273 ते 1277 या वर्षांतील दात्यांची नोंद असून तीत राजा रामचंद्राचेही नाव आढळते. दरबारच्या नेमणुकीवर आणि देवळाच्या उत्पन्नावर जगणाऱ्या वर्गास ही सारी व्यवस्था ईश्वरी वाटावी, यात नवल नाही. पुढे 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली. 1307 च्या स्वारीनंतर रामचंद्र दिल्लीचा मांडलिक होऊन किताबासह परतला. आणि 1318 साली ते राज्यच लयास गेले. नेमणूक देणारा धनी बदलला, की चाकरास निष्ठाही बदलावी लागते. शिंप्याच्या सुईस मात्र गिऱ्हाईक कोणत्या राजाचे, हे विचारण्याचे कारण पडत नाही.

नामदेवांच्या सोबत्यांकडे पाहावे. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार हे सर्व हातच्या कसबावर जगणारे. त्यांच्या पोटाची दोरी एका धन्याच्या हाती नसून अनेक गिऱ्हाइकांत वाटलेली होती. देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको, ही गोष्ट देशभाषेत उघड सांगण्याचे धैर्य या मंडळींत दिसून आले, त्याचे एक कारण आमच्या मते हेच होय. ज्यांस हे स्वातंत्र्य नव्हते, त्यांची गत चोखोबांच्या मरणाने दाखविली. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता 1338 साली ते भिंतीखाली गाडले गेले. हयातीत ज्यांस देवळात पाऊल टाकता आले नाही, त्यांच्या अस्थी आणून नामदेवांनी महाद्वारासमोर समाधी दिली.

आमच्या औंढ्यास विसोबा खेचरांनी त्यांस उपदेश केला, की देव एका मूर्तीत कोंडलेला नाही. हलक्या जातीचा म्हणून देवळातून उठविलेल्या नामदेवांकडे देऊळच फिरले, ही कथा औंढेकर आपल्याच देवळाची मानतात. पुढे ते उत्तरेत गेले. पंजाबात घुमान येथे त्यांचे स्थान आजही पूजिले जाते, आणि शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. त्या पदांत आपण छीपा आहोत, हे ते लपवीत नाहीत. एका पदातील कथा अशी : सुलतानाने त्यांस बांधून मेलेली गाय उठविण्याचा हुकूम केला, आईने रडून धर्म सोडण्याची विनवणी केली, लोकांनी त्यांच्या भारंभार सोने देऊ केले. सुलतानाने सोने नाकारले, आणि नामदेवांनी माघार. आख्यायिका म्हणून ती वाचावी. परंतु जहागीर किंवा वर्षासन गमावण्याची धास्ती ज्यास नाही, अशाच मनुष्याविषयी लोक असल्या कथा रचतात, हे ध्यानात घ्यावे.

तथापि कसबाने स्वातंत्र्य आपोआप मिळते, असे आमचे म्हणणे नाही. बाजारात दगडांस उधारीवर कापड देऊन नामदेव रिकाम्या हाती घरी आले, ही गोष्ट आमचे व्यापारी वाचक हसून सांगतात. पण त्या घरात गोणाई व राजाई यांस चूल पेटवावयाची होती. त्यांच्या तक्रारीही अभंगांत नमूद आहेत. एकाच्या निर्भयतेची किंमत घरच्या बायकांनी उपाशी राहून द्यावी, ही स्थिती कोणत्याही समाजास शोभणारी नव्हे.

नामदेव 1350 साली पंढरपुरी समाधिस्थ झाले व महाद्वाराच्या पायरीशी त्यांनी जागा घेतली. आषाढीस त्या पायरीपुढे नमणाऱ्या आमच्या पेठेतील सद्गृहस्थांस इतकेच विचारावयाचे आहे : आपल्या वहीत जमेच्या बाजूस एकाच मोठ्या असामीचे, एकाच कचेरीचे वा एकाच ठेक्याचे नाव आहे काय? असल्यास मतपेटीपाशी आपला हात कोण हालवितो, याचा हिशेब दिवाळीच्या वहीपूजनापूर्वीच करावा. आणि ज्या नोकरास आपण पगार देतो, त्याचे मत त्या पगारात विकत घेतलेले नाही, हेही त्याच वेळी स्मरावे.